सहलीचा राहिलेला निबंध

(दहावी १९८३ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. वेळेअभावी तिथे गाळलेला थोडा भाग लिहून काढताना परत घातला आहे.)

व्यासपीठावरच्या खुर्च्या नाकारून पहिल्या रांगेत आपल्यातच बसलेले आपले सर, बाई, आणि माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, 'तू पाठीवर पिशवी टाकून एकटीच कुठेतरी गुहा बघत हिंडून आलीस म्हणे. त्यावर पंधरा मिनिटं बोल.' मी हो म्हटलं. मग लक्षात आलं की गुहेविषयी बोलायचं, तेही भूगोलाच्या सरांसमोर, तर आधी एक जुनं प्रकरण निस्तरायला हवं. ते तुमच्यापैकी एकीलाच माहीत आहे आणि ती चाळीस वर्षं गप्प बसली आहे. तिचे आभार.

आपली नववीची सहल आठवते? कार्ला-भाजे. लाल एस.टी., पहाटे चारला शाळेच्या फाटकाशी. वर्गणी पस्तीस रुपये. मी त्या सहलीला नव्हते. ताप आला होता असं मी सांगितलं. ताप वगैरे काही नव्हता, पस्तीस रुपये नव्हते. त्या वर्षी आमच्या घरात पस्तीस रुपये ही मागायची रक्कम नव्हती, म्हणून मी मागितलेच नाहीत. इथवर काही विशेष नाही, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच घरांत तेच होतं. पण सोमवारी सरांनी सगळ्या वर्गाला निबंध घातला, 'मी पाहिलेली लेणी'. मी बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला दोन मधल्या सुट्ट्या प्रश्न विचारून हैराण केलं आणि चार पानं लिहिली. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. त्यात एक परिच्छेद असा होता की भाज्याच्या लेण्यात अंधार दाट होता, वटवाघळं फडफडत होती, आणि टॉर्च विझताच आम्ही मुली एकमेकींना घट्ट धरून उभ्या राहिलो.

लग्नानंतर, पस्तिशीला आल्यावर, मी पहिल्यांदा भाजे पाहिलं. ज्यांनी पाहिलंय ते आत्ताच हसायला लागले आहेत. भाज्याचं चैत्यगृह समोरून सताड उघडं आहे. दिवसा आत लख्ख उजेड. टॉर्च कसली न् काय कसलं! तिथे त्या पायऱ्यांवर मला पहिल्यांदा उमगलं की सरांना सगळं माहीत होतं. त्यांनी तर एस.टी.त चढताना आणि उतरताना डोकी मोजली होती. तरी त्यांनी निबंध वाचला, आणि दुसऱ्या दिवशी शाळेचा मोठा नकाशासंग्रह मला आठवडाभर घरी न्यायला दिला. का दिला ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या नकाशासंग्रहात मी लाओस पाहिला. गुलाबी रंगाचा, लांबट, कुठेच समुद्र नसलेला देश. आग्नेय आशियात समुद्रकिनारा नसलेला तेवढा एकच. मला त्याची जरा दया आली होती.

आता मूळ विषय. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. भाचीबरोबर लाओसला जायचं ठरलं, तिकिटं निघाली, आणि भाचीला ऐन वेळी नोकरीवर हजर व्हावं लागलं. घरी सगळ्यांनी गृहीत धरलं की आता मीही जात नाही. यजमान म्हणाले, 'जा, पण गुडघे परत आण.' अशी मी २०२३ च्या जानेवारीत नऊ किलोची पिशवी पाठीवर टाकून निघाले. वय पंचावन्न. डॉर्मिटरीत माझ्या वरच्या बंकवर झोपणारी मुलं माझ्या मुलापेक्षाही लहान होती. मला खालचा बंक मिळावा म्हणून ती आपसात जागा बदलत. तरुण पिढीबद्दल आपण जे बोलतो त्यातलं निम्मं मी तिथेच सोडून आले.

बँकॉकहून रात्रीची बस धरून थायलंडच्या ईशान्य टोकाला नाखोन फनोम, तिथून मेकाँगवरचा पूल ओलांडला की समोर लाओसमधलं थाखेक. हा पूल ११-११-२०११ ला खुला झाला, तारीख लक्षात ठेवायला सोपी. पलीकडे पैसे बदलले. रुपयाला साधारण दोनशे किप पडत होते, म्हणजे दहा हजारांचे वीस लाख. आयुष्यभर कॅश काउंटरवर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या, आपल्या स्वतःच्या एवढ्या मोजायची ही पहिलीच वेळ.

थाखेकच्या आसपास सगळे चुनखडीचे डोंगर आहेत. सर, तुम्ही फळ्यावर दोन खडू वापरून लवणस्तंभ काढायचात, एक वरून लोंबणारा, एक खालून उगवणारा, आणि शेवटी दोन्ही जोडून खांब. त्याच वेळी म्हणायचात, 'आपल्याकडे हे दिसणार नाही, आपल्याकडे काळा दगड.' ते वाक्य तिथे पदोपदी आठवलं. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला बसाल्ट. पाणी तो सहजी विरघळवत नाही, म्हणून आपल्या माणसांना छिन्नी घेऊन बसावं लागलं, आणि कार्ला झालं, भाजे झालं, वेरूळ झालं. तिथला डोंगर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातल्या जिवांच्या शिंपल्यांचा आणि कवचांचा गाळ. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, भेगांतून उतरतं आणि दगड विरघळवत जातं. ज्या देशाला समुद्र नाही म्हणून मला दया आली होती, त्याचे हे डोंगरच समुद्राचे आहेत. हे पुस्तकात होतं का सर? असेल. मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

थाखेकजवळच एक बुद्धाची गुहा आहे. २००४ साली गावातला एक माणूस वटवाघळं पकडायला कड्यावर चढला आणि आत त्याला बुद्धाच्या ब्राँझच्या २२९ मूर्ती मिळाल्या. आता तिथे जिना आहे, आणि बायकांना आत जाताना तिकडची लुंगीसारखी सिन नेसावी लागते. ती भाड्याने मिळते. मी नेसले. नऊवारी नेसणाऱ्या आजीची नात असूनही ती मला दोनदा सुटली, यापलीकडे त्या जागेचं वर्णन करत नाही, कारण मला पुढे कोंग लोरला जायचंय.

कोंग लोरला जायला सोंगथेव मिळते. उघड्या टेंपोत समोरासमोर दोन बाकडी, मध्ये कोंबड्या, तांदळाची पोती, एक मोटारसायकल आणि बावीस माणसं. आपल्याकडचं वडापच. भरल्याशिवाय निघत नाही, भरल्यावरही निघत नाही. शेवटचे चाळीसेक किलोमीटर दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मध्ये सपाट खोरं. भात निघून गेला होता आणि त्या जागी तंबाखू लावली होती. हिरवागार. कोल्हापूरकडच्या लोकांना घरी आल्यासारखं वाटलं असतं.

गावात हॉटेलं आहेत, पण मी घरात उतरले. घरं लाकडी खांबांवर उचललेली. खाली हातमाग, कोंबड्या, सरपण, मोटारसायकल, आणि वर राहायचं. घरमालकिणीला सगळे 'मे' म्हणायचे. मे म्हणजे आई. मीही मेच म्हणू लागले, ती माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठी असेल. तिची नात नववीत होती आणि शाळेत इंग्रजी शिकत होती, तीच आमची दुभाषी. तिला येईल तेवढं इंग्रजी, मला येतील तेवढे चार लाओ शब्द, आणि बाकी हातवारे. बायकांचं यात फारसं अडत नाही.

अडलं ते जेवणात. मी अंड्यापुढे जात नाही आणि तिथे मिठाच्या जागी मुरवलेल्या माशांचा रस असतो. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, 'खोय किन जे', म्हणजे मी शाकाहारी आहे. मेने नातीकडे पाहिलं, नातीने माझ्याकडे. मग मेने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि एकेक जिन्नस नाकाशी धरून विचारत गेली, हे चालतं? हे? शेवटी तिने निखाऱ्यावर मिरच्या, लसूण आणि टोमॅटो भाजले आणि खलबत्त्यात कुटले. त्याला ते जेओ म्हणतात. मी एक बोट चाटलं आणि मराठीतच ओरडले, 'अगं हा तर ठेचा!' तिला काय कळलं कोण जाणे, पण तिने लगेच आणखी चार मिरच्या टाकल्या.

त्यांचा भात चिकट असतो. रात्रभर भिजवून सकाळी बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवतात आणि झाकणाच्या छोट्या करंडीत भरून ठेवतात. हाताने त्याचा लहान गोळा करायचा, ठेच्यात बुडवायचा, खायचा. पानात वाढायची पद्धत नाही, सगळे एका करंडीतून घेतात. दुसऱ्या दिवशी मी पिशवीतून मेतकूट काढलं. मेने चाखलं, विचार केला, आणि नवऱ्याला हाक मारली. त्याने चाखलं आणि शेजाऱ्याला हाक मारली. माझं पंधरा दिवसांचं मेतकूट त्या संध्याकाळी संपलं.

या नवऱ्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण गुहा मला त्याच्यामुळे कळली. गावाच्या टोकाला हिनबून नदी आहे. ती सरळ डोंगराच्या पोटात शिरते आणि सुमारे सात किलोमीटर अंधारातून जाऊन पलीकडच्या खोऱ्याला जोडते. आपल्यासारख्यांना ते प्रेक्षणीय स्थळ. मेचा नवरा पलीकडच्या खोऱ्यातला. तिकडे लग्नानंतर बरेचदा नवरा बायकोच्या घरी राहायला येतो, आणि धाकट्या मुलीला आईबापांचं घर मिळतं. मे धाकटी. म्हणजे हा घरजावई, आणि सासरी आला तो त्या गुहेतून, होडीत बसून, दोन डुकरं आणि एक ट्रंक घेऊन. मी विचारलं, 'भीती नाही वाटली?' नातीने भाषांतर केलं. म्हातारा हसला आणि म्हणाला, भीती सासूची होती.

त्यांच्यासाठी ती गुहा म्हणजे रस्ता. डोंगर चढून जाण्यापेक्षा पोटातून जवळ. मीठ, तंबाखू, नवरे, आजारी माणसं, सगळं त्या रस्त्याने जायचं. आता त्याच होड्यांतून प्रवासी जातात. होडीवाल्यांचे नंबर लागतात आणि ज्याचा नंबर त्याची फेरी. मधे घुसाघुस नाही. माझ्या दिवशी योगायोगाने म्हाताऱ्याचा नंबर नव्हता, पण त्याने शेजाऱ्याशी अदलाबदल केली आणि मागे मोटरवर स्वतः बसला. पुढे विजेरी घेऊन एक पोरगा.

होडी अरुंद, जेमतेम दोन हात रुंद, तीन प्रवाशांपेक्षा जास्त घेत नाहीत. मी आणि एक तरुण जोडपं. लाइफ जॅकेट घातलं, कपाळाला दिवा बांधला. तोंडाशी पाणी हिरवं आणि इतकं शांत की डोंगर उलटा दिसत होता. मग आत शिरलो आणि दहा मिनिटांत मागचा उजेड सुपारीएवढा झाला आणि वळणावर गेला.

आत काही ठिकाणी छत इतकं उंच आहे की कपाळावरच्या दिव्याचा झोत पोहोचत नाही. शंभर मीटर सांगतात. मोटरचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो, वाटतं समोरून दुसरी होडी येतेय, आणि कधीकधी खरंच येते. एके ठिकाणी उतरवून लवणस्तंभ दाखवतात. सर, तुमचे तिन्ही प्रकार होते, लोंबणारे, उगवलेले आणि जुळलेले. मात्र त्यांच्यावर रंगीत दिवे सोडले आहेत. आपल्या गणपतीच्या मंडपाची आठवण झाली. मला ते आवडले नाहीत. खडूचे बरे होते.

पुढे पाणी उथळ झालं. जानेवारीत पाऊस नसतो, होडी वाळूला लागते. म्हाताऱ्याने मोटर उचलून बंद केली आणि दोघेही पाण्यात उतरून होडी ओढू लागले. जोडप्यालाही उतरवलं, मला हाताने 'बसा' अशी खूण केली. ते चौघे पुढच्या टोकाला गेले. नेमका तेव्हा माझा कपाळावरचा दिवा मिणमिणला आणि गेला. पोरग्याची विजेरी पुढे पाण्याकडे वळलेली होती, आणि मग ते सगळे खडकाच्या आड वाट बघायला गेले.

वर्गमित्रांनो, मी लिहिलं होतं, अंधार दाट होता. आता सांगते. अंधार दाट नसतो. दाट म्हणायला काहीतरी जाणवावं लागतं. तिथे डोळे उघडे आहेत की मिटलेले हे मला कळेना, म्हणून मी पापणीला बोट लावून पाहिलं. पाण्याचा थेंब कुठेतरी पडत होता, तो जवळ पडतोय की लांब हेही कळेना. कोणी कोणाला घट्ट धरायलाही नव्हतं. मी होडीची कड धरली आणि रामरक्षा म्हणायला लागले, आणि तिसऱ्या श्लोकाला अडकले. लहानपणापासून रोज म्हटलेली रामरक्षा. पुढचं आठवेचना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा तिथेच अडकले. घरचे आठवले, गुडघे आठवले, आणि का कोण जाणे, पस्तीस रुपये आठवले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. दोन मिनिटं असतील. मग पाण्यात पावलं वाजली आणि माझ्या खांद्यावर एक ओला हात आला. म्हाताऱ्याच्या कपाळावरचा दिवा विझलेला होता. त्याला तिथे चालायला दिवा लागतच नव्हता. तो म्हणाला, 'बो पेन न्यांग.' काही नाही, चालायचंच. लाओसमध्ये बस चुकली, भांडं फुटलं, पाऊस आला, सगळ्याला हेच म्हणतात, आणि तोवर मला त्या तीन शब्दांचा जरा रागच यायला लागला होता. त्याने स्वतःचा दिवा काढून माझ्या कपाळाला बांधला आणि विझलेला माझा स्वतःच्या डोक्यावर चढवला. परत येईपर्यंत तो तसाच मोटर चालवत होता.

पलीकडे बाहेर पडलो तेव्हा म्हशी पाण्यात बसल्या होत्या, एक मुलगा त्यांच्या अंगावर पाणी उडवत होता. उन्हाने डोळ्यांतून पाणी आलं. निदान जोडप्याला मी तसंच सांगितलं.

त्या रात्री मेने माझ्या मनगटांना पांढरे दोरे बांधले. त्यांच्यात अशी समजूत आहे की माणसात बत्तीस प्राण असतात, प्रवासात, आजारपणात, भीतीने त्यांतले काही भटकत जातात, तेव्हा त्यांना हाक मारून परत बोलवायचं आणि दोऱ्याने बांधून ठेवायचं. दोरा निदान तीन दिवस काढायचा नाही. होडीतली हकीकत तिला नवऱ्याने सांगितली असणार. ती बांधताना पुटपुटत होती, आणि नात भाषांतर करत होती, 'आजी म्हणते, ये, ये, गुहेत राहू नकोस, घरी ये.' आमच्याकडे पोर घाबरलं की आई मीठ-मोहऱ्या ओवाळायची. मी दोरे मुंबईच्या विमानतळापर्यंत ठेवले.

इथे थांबले असते तर गोड प्रवासवर्णन झालं असतं. पण मी पुढे उत्तरेला गेले, दोन दिवस बसने, फोनसावानला. तिथल्या गुहा वेगळ्या आहेत.

१९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बाँब टाकले. ५ लाख ८० हजार फेऱ्या. दरडोई हिशेबाने जगात सर्वांत जास्त बाँब पडलेला देश हाच. त्यातले चेंडूएवढे बाँब, त्यांना तिकडे बॉम्बी म्हणतात, सत्तावीस कोटी टाकले आणि त्यांतले सुमारे आठ कोटी फुटलेच नाहीत असा अंदाज आहे. ते अजून शेतात आहेत. तिथल्या प्रसिद्ध दगडी रांजणांच्या माळावर फिरताना जमिनीत खुणेचे दगड रोवलेले दिसतात, एक बाजू पांढरी, एक लाल. पांढऱ्या बाजूला तपासून झालंय, लाल बाजूला पाऊल टाकायचं नाही. आपण मुलांना रस्ता ओलांडायला शिकवतो तसं तिथे हे शिकवतात. बाँबच्या लांब कवचांचे लोकांनी कुंपणाचे खांब केलेत, त्यांत कांद्याची पात लावलीय.

तिथून साठेक किलोमीटरवर थाम पिउ ही गुहा. चढून जावं लागतं. आसपासच्या गावातली माणसं विमानांपासून लपायला तिथे राहत होती. २४ नोव्हेंबर १९६८ ला एक रॉकेट थेट गुहेच्या तोंडातून आत आलं. ३७४ माणसं गेली असं तिथे सांगतात. बायका, मुलं, म्हातारी. भिंती अजून काळ्या आहेत. आत कोणी काही लावलेलं नाही, ना दिवे ना पाट्या, फक्त जमिनीवर लोकांनी लहान लहान दगड एकावर एक रचून ठेवले आहेत. मी हिशेब केला, त्या दिवशी मी दहा महिन्यांची होते. आपण सगळेच, मंडळी, तेव्हा वर्ष-दीड वर्षाचे. आपल्याच तुकडीतली पोरं होती ती.

मी दगड रचला नाही. मला तो हक्क आहे असं वाटलं नाही. आता वाटतं, रचायला हवा होता.

आणखी उत्तरेला, व्हिएतनामच्या सरहद्दीजवळ, विएंग साय. त्या नऊ वर्षांत तिथल्या गुहांमध्ये वीस हजारांहून जास्त माणसं राहिली. पथेट लाओचे पुढारी तिथे, इस्पितळ गुहेत, छापखाना गुहेत, नाटकाचं सभागृह गुहेत. पुढाऱ्यांच्या गुहेत काँक्रीटची एक खोली आहे, तिच्यात हाताने फिरवायचं, हवा शुद्ध करणारं रशियन यंत्र अजून ठेवलंय. पण मी थांबले ते शाळेच्या गोष्टीपाशी. कानाला लावून ऐकायच्या ध्वनिफितीत तिथे वाढलेली माणसं बोलतात. मुलं गुहेत शिकायची. शेती रात्री करायची, कारण दिवसा विमानं. सर, नऊ वर्षं भूगोल गुहेतच. डोंगर, नदी, पाऊस, सगळं शिकवायचं, आणि बाहेर जाऊन दाखवायचं नाही. सहल नाही.

मला माझ्या पस्तीस रुपयांची तिथे लाज वाटली असं म्हणणार होते, घरी तसं लिहूनही आणलं होतं. पण ते खरं नाही. ते दुखणं होतं तेवढंच राहिलं. त्याच्या शेजारी आता ही मुलं येऊन बसली आहेत, एवढंच म्हणता येईल.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. दोन गोष्टी सांगते आणि बसते.

पहिली, तो निबंध. सर, 'मी पाहिलेली लेणी' मी पाहिलेली नव्हती. तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे, पण सांगितलं नव्हतं, म्हणून आज सांगितलं. तुमचा नकाशासंग्रह मी आठवड्याऐवजी अकरा दिवसांनी परत केला होता. तेही तुम्ही विचारलं नाहीत.

दुसरी, फोनसावानजवळ एक गाव आहे. तिथली घरं युद्धातलं ॲल्युमिनियमचं भंगार वितळवून लाकडाच्या साच्यात ओततात आणि चमचे करतात. हलके असतात, फुंकर मारली तर उडतील असे. मी चाळीस आणले आहेत. मागच्या टेबलावर, पाण्याच्या जारच्या बाजूला ठेवले आहेत. प्रत्येकाने एकेक न्या. बाईंसाठी दोन, कारण त्यांनी मला कॉपीसाठी एकदा उभं केलं होतं आणि ती कॉपी माझी नव्हती. सरांचा माझ्या पर्समध्ये आहे, तो मी हातात देणार आहे. आणि आज जेवणात बासुंदी आहे असं मला आतून कळलंय, तेव्हा मी आता थांबते.